मास्तर शिकले तर शेत शिकेल



कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या दरवर्षी गावोगावी येतात. मातीचा नमुना कसा घ्यावा, बेणेप्रक्रिया कशी करावी, हे दाखवून जातात. पोरे हुशार असतात. पण त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे शिक्षण कुठे चालते, हे आपण कधी विचारत नाही. विचारायला हवे. कारण हीच पोरे उद्या कारखान्याच्या शेती खात्यात येणार आणि तुमच्या उसाला सल्ला देणार.

आमच्याकडे येणाऱ्या नव्या पदवीधरांना हुमणीचा जीवनक्रम तोंडपाठ असतो. पण वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि तेव्हाच फांद्या हलवून ते वेचायचे असतात, हे काम त्यांनी हाताने केलेले नसते. दोष पोरांचा नाही. बाटलीतला किडा दाखवला, तर किडा कळतो. वेळ कळत नाही.

प्राध्यापकांसाठी सोय नाही असेही नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने त्यांच्यासाठी २१ दिवसांच्या उन्हाळी व हिवाळी शाळा चालवल्या. हैदराबादला १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत नव्या शास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणात खेड्यातला मुक्कामही असतो. रीत चांगली आहे. पण नोकरीच्या सुरुवातीला एकदा खेडे पाहिले, तेवढ्यावर पुढची तीस वर्षे निभत नाहीत.

या बाबतीत पुण्याच्या वारज्याकडे पाहावे. तिथे 'बायफ'चे मुख्य कार्यालय आहे. मणिभाई देसाई १९४६ साली गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आले आणि तिथेच राहिले. ते विज्ञानाचे पदवीधर, पण गाय शिकले ती गोठ्यात. १९६७ साली त्यांनी ही संस्था काढली. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेले वीर्य घेऊन संस्थेचा माणूस शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. गाय माजावर आली की नाही हे ओळखणे, कांडी कोमट पाण्यात नेमकी किती वेळ धरायची हे जाणणे, ही हाताची विद्या. फळ्यावर ती येत नाही. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयापासून वारजे काही फार लांब नाही. शिकवणाऱ्यांनी असे काम अधूनमधून स्वतः करून पाहावे.

उसाचेही तसेच. आमचे म्हणणे एवढेच, की प्राध्यापकांनी काही वर्षांतून एक हंगाम, लागणीपासून तोडणीपर्यंत, कारखान्याच्या गटात येत राहावे. खोडव्याचे बुडखे छाटावेत, पाचट सरीत दाबावे, ठिबकची तुंबलेली नळी उघडून पाहावी. आणि त्या दिवसांची नोंद त्यांच्या बढतीत धरली जावी. नाहीतर हौशी तेवढे येतील.

सभासदांचेही एक काम आहे. मास्तर शेतावर आले, तर बक्षीस मिळालेला प्लॉट तेवढा दाखवू नका. खारवट तुकडा दाखवा, हुमणीने वाळलेली सरी दाखवा, हिशेबाची वहीही पुढे ठेवा. ते जे पाहून जातील, तेच पुढच्या वर्षी वर्गात सांगतील.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग