एअरबॉक्सला भोक पाडण्याआधी

आरएक्स १०० वाल्यांनो, एअरबॉक्सला भोकं पाडायची असतील तर आधी मेन जेट हाताशी ठेवा! हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण लीन होतं. पूर्ण ज्वलनासाठी १ भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण जोर हवा तर पेट्रोल याहून थोडं जास्तच लागतं. नाहीतर हे ९८ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. माझा एकदा झालाय, भर घाटात.

जेट एकेक नंबरने वाढवा, दरवेळी प्लग काढून बघा. पांढराफटक म्हणजे लीन, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे छान. आणि फिल्टर? तो अजिबात काढू नका, धूळ सिलिंडर खाते.