तपकिरी रेघांतला डोंगर

मराठीच्या मास्तराने नकाशात नाक खुपसू नये, असे आमच्या भूगोलाच्या सहकाऱ्यांचे मत आहे, आणि ते अगदीच चुकीचे आहे असेही नाही. पण कॉलेजच्या गिरिभ्रमण मंडळाचे लोढणे गेली काही वर्षे माझ्या गळ्यात आहे. तीस-पस्तीस मुलामुलींना पावसाळ्यात डोंगरावर न्यायचे, तर त्यांतल्या चौघा-पाचजणांना तरी नकाशा वाचता आलाच पाहिजे, असा माझा हट्ट. तेव्हा दर वर्षी पावसाच्या तोंडावर दोन शनिवार आम्ही दोघे मिळून हा वर्ग घेतो. शास्त्र त्यांचे, बडबड माझी.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा. प्रमाण एकास पन्नास हजार; म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर तो जमिनीवरचा एक किलोमीटर. तो टेबलावर पसरला की पहिली पाच मिनिटे मुले आपापले गाव शोधण्यात रमतात. लाल ती वस्ती, हिरवे ते रान, पिवळी ती शेती, निळे ते बारमाही पाणी, आणि उन्हाळ्यात आटणारे ओढे काळ्या रेषेने. हे सगळे कोणालाही चटकन कळते. घोडे अडते ते तपकिरी रेघांपाशी. कागदभर त्या वेटोळी घालीत गेलेल्या असतात. “सर, या पाऊलवाटा का?” हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच.

पाऊलवाटा नव्हेत. पाऊलवाट जमिनीवर दिसते; या रेघा जमिनीवर कुठेही नाहीत. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणे जोडीत गेले की जी रेघ तयार होते ती ही. म्हणून तिचे नाव समोच्च रेषा. एका रेघेवरून शेजारच्या रेघेवर गेलात, की वीस मीटर चढलात किंवा वीस मीटर उतरलात. दर पाचवी रेघ जरा जाड असते आणि तिच्यावर कुठेतरी उंचीचा आकडा असतो.

मौज अशी, की ही व्याख्या मुलांना शाळेपासून तोंडपाठ असते. रेघा दाट असतील तेथे चढ उभा, विरळ असतील तेथे सौम्य, हेही ती घडाघडा सांगतात. आणि मग तोच हुशार मुलगा रेघांच्या दाट जुडग्यातून पेन्सिलीने सरळ वाट आखतो व म्हणतो, “सर, इकडून जवळ पडेल!” त्या पेन्सिलीखाली दोनशे मीटरांचा कडा असतो. त्याला व्याख्या येते, पण डोंगर दिसत नाही.

यावर आम्ही योजलेला उपाय दिवाळीतलाच आहे, आणि तो आपल्या घरीही करून पाहण्याजोगा आहे. अंगणात किंवा गच्चीत मुले किल्ला करतातच. त्यातली थोडी माती मागून घ्यावी. एका मोठ्या पाटाच्या मध्यभागी ओल्या मातीचा वीतभर उंच डोंगर रचावा. एक बाजू सुरीने उभी कापावी, दुसरी ऐसपैस उतरती ठेवावी. एका अंगाला बोटाने ओघळ पाडावा आणि दुसऱ्या अंगाला हत्तीच्या सोंडेसारखा लांबट भाग पुढे काढावा. आता एक काडेपेटी घ्यावी. तिच्यावर खिळा आडवा धरून त्याचे टोक मातीत जरासे रुतवावे आणि पेटी पाटावरून सरकवीत डोंगराला पुरी प्रदक्षिणा घालावी. मातीवर एक रेघ उमटते. मग पेटीवर पेटी ठेवून दुसरी प्रदक्षिणा, मग तिसरी. वीतभर डोंगराला दहा-बारा रेघा सहज होतात. त्यांत पांढरी रांगोळी भरावी. (घरातली चांगली रांगोळी वापरल्याबद्दल बोलणी खावी लागली, तर ती मुकाट्याने खावी.) मग स्टुलावर उभे राहून, एक डोळा मिटून, डोंगराकडे सरळ वरून पाहावे.

आमच्या वर्गात या क्षणी नेहमी जरा आरडाओरडा होतो. कापलेल्या बाजूच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. उतरत्या बाजूच्या ऐसपैस पसरलेल्या. ओघळापाशी प्रत्येक रेघ आत, माथ्याकडे वळते. सोंडेवर तीच रेघ बाहेर, खालच्या दिशेला वळते. पेट्या सारख्याच होत्या, चढही सारखाच होता. वरून पाहताना तेवढे अंतर बदलले. एकदा हे डोळ्यांनी पाहिले, की नकाशातला कडा कागदावरून उठून उभा राहतो.

आता माझ्या विषयाचे थोडे. एका वर्षी वर्गात मावळातली एक मुलगी होती. भूगोल तिने दहावीनंतर सोडलेला. समोच्च रेषा हा शब्द तिला नीट उच्चारताही येईना. मी तिच्यापुढे राजगडाचा भाग ठेवला. मिनिटभर तिने पाहिले आणि बोट फिरवीत म्हणाली, “सर, ही सोंड. ही घळ, हितनं पाणी येतं. ही खिंड. आणि हितं सपाटी हाय.” तिने बोट ठेवलेली ती सपाटी म्हणजे माची! राजगडाच्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, नकाशात पसरलेल्या बोटांसारख्या दिसतात आणि मधोमध बालेकिल्ल्याची मिटलेली वेटोळी. शहरातल्या मुलांना जे दोन तास दिसले नव्हते, ते तिला दिसले, कारण त्या आकारांची नावे तिच्या तोंडात होती. तेव्हापासून मी आधी शब्द शिकवतो, मग रेघा. कडा, नाळ, सुळका, पठार, लवण, दांड. एवढी नेमकी नावे असलेल्या भाषेत आपण मुलांना ‘उंचसखल भाग’ एवढेच शिकवून मोकळे होतो, याचे मला वाईट वाटते.

सह्याद्रीच्या रेघांची एक खासियत मात्र भूगोलाच्या सहकाऱ्यांनीच दाखवली. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेले. म्हणून रेघा जरा दाट, मग जरा विरळ, पुन्हा दाट, अशा येतात. डोंगर जिन्यासारखा चढत जातो. या खडकाला ट्रॅप म्हणतात, ते जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून.

आणि उंचीचे हे आकडे कोणी मोजले? विल्यम लँब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ मोजणीला आरंभ केला आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली काम चालू असतानाच आपल्या विदर्भात, हिंगणघाटला, त्याने देह ठेवला. त्याची कबर तेथेच आहे.

रेघा मोजता आल्या की वेळेचा अंदाज येतो. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा बांधून दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. आतकरवाडीहून सिंहगड अडीच-तीन किलोमीटर. सपाटीवर अर्ध्या तासाची वाट. पण चढ सुमारे सहाशे मीटरांचा, म्हणून दीड तास धरावा. आमची मुले मोबाईलवर अंतर पाहून निघतात आणि अंधार पडल्यावर घरी फोन करतात, त्याचे कारण हा हिशेब.

वर्गाच्या शेवटी आम्ही आणखी एक गोष्ट करायला लावतो. प्रत्येकाने आपले, किंवा आजोळचे, गाव शोधायचे आणि घरांच्या वरच्या अंगाला रेघा कशा आहेत ते पाहायचे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर तेच ओढवले. दरड कोसळेल की नाही हे नुसत्या रेघा सांगत नाहीत. माती कोणती, पाऊस किती, उतार कोठे खणला, हे सारे पाहावे लागते. पण घरावर किती उभा डोंगर आहे, एवढे त्या नक्की सांगतात. हा तास शांत जातो. एकदा एका मुलाने मावशीच्या वाडीवरच्या रेघा तीनदा मोजल्या आणि फोन करायला बाहेर गेला.

हे नकाशे आता सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेता येतात. छापून घेताना एक काळजी घ्यावी. दुकानदार नकाशा कागदात मावेल एवढा लहान करून देतो, आणि मग दोन सेंटिमीटरांचा किलोमीटर राहत नाही. नकाशाखाली प्रमाणाची पट्टी असते. ती फूटपट्टीने मोजून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.