घरातली मराठी आणि मुलाची इंग्रजी

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं, शाळाप्रवेशाची धावपळ सुरू झाली, की अनेक मराठी घरांतलं बोलणंच बदलतं. ‘बेटा, मंकी बघ, बनाना खातोय’, ‘आधी हँड वॉश कर’. काही शाळाही घरी इंग्रजीच बोला असं पालकांना बजावतात. आईवडील हे करतात ते मुलाच्या भल्यासाठीच. पण ज्या समजुतींपायी हे चाललंय, त्यांतल्या बहुतेक तपासून पाहिल्यावर टिकत नाहीत.

आपण शिकवतो म्हणून मूल बोलायला शिकतं, ही त्यातली पहिली. तीन वर्षांच्या मराठी मुलाचं बोलणं जरा कान देऊन ऐका. ‘मी करलं’, ‘बाबा ऑफिसला जाला’. घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही, म्हणजे हे ऐकून उचललेलं नव्हे. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘हसलं’ ऐकून मुलानं स्वतःच नियम काढला आणि तो ‘कर’लाही लावला. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेनं १९५८ साली हे प्रयोगानं दाखवलं. तिनं मुलांसमोर एका काल्पनिक प्राण्याचं चित्र ठेवलं, त्याला ‘वग’ असं मनानंच रचलेलं नाव दिलं आणि मग तसे दोन प्राणी दाखवले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं इंग्रजी अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केलं. तेव्हा ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाला दटावायचं काहीच कारण नाही. ‘अरे वा, तू केलंस? कसं केलंस?’ एवढं म्हटलं तरी पुरे. योग्य रूप कानावर पडतं आणि गप्पाही थांबत नाहीत.

या गप्पाच महत्त्वाच्या. इंग्रजी कार्टून लावून दिलं की तान्ह्या मुलालाही आपोआप इंग्रजी येईल, असं अनेकांना वाटतं. पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. माणसांशी खेळलेली बाळं चिनीतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही.

दोन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, ही भीती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तज्ज्ञही असंच सांगत. १९६२ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांची मुलं तपासली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती, उलट पुढे होती. दोन भाषांचा बुद्धीला नेमका किती फायदा होतो, यावर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला. पण दोन भाषांमुळे मुलाचं नुकसान होतं हे काही सिद्ध झालं नाही. एकेका भाषेतले शब्द मोजले तर अशी मुलं कमी भरतात, दोन्हींतले मिळून मोजले की बरोबरीला येतात. आणि आजीशी मराठीत, खाली खेळायला आलेल्या मित्राशी हिंदीत बोलणारं मूल गोंधळलेलं कसं म्हणायचं? कुणाशी काय बोलायचं ते त्याला नेमकं कळतंय.

आपल्याकडे तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना माहीत आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर लिहिलं. शतकानुशतकं एकत्र नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की शब्दाला शब्द ठेवत एकीतून दुसरीत जाता यावं. तरीही घरात आपापली भाषा टिकून होती.

‘लवकर सुरुवात केली नाही तर मग भाषा येतच नाही’ हे मात्र अर्धंच खरं. उच्चारांच्या बाबतीत लहान वयाचा फायदा मोठा आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ सालचा अभ्यास आपल्याला सहज पटेल असा आहे. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ओळखत होती. वर्षाची होईतो त्यांतल्या बहुतेकांना तो ऐकू येईनासा झाला, कारण इंग्रजीत त्याची गरजच पडत नाही. पण वेगाचं गणित वेगळं. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा कॅथरीन स्नो आणि मारियान हुफ्नागेल-होले यांनी अभ्यास केला. पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं डच झपाट्यानं शिकली. तीन ते पाच वर्षांची मुलं सर्वांत मागे होती. लहानांनी मोठ्यांना गाठलं ते नंतर. आणि विनोबा भावे यांनी वेल्लोरच्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम शिकायला घेतल्या, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते.

इंग्रजी यावी म्हणून मराठी सोडावी लागते, या समजुतीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कॅनडाचे जिम कमिन्स यांनी दाखवलं, की परक्या भाषेत रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, पण त्या भाषेत इतिहास-विज्ञान समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागतात. कारणं देणं, तुलना करणं, गोष्ट क्रमानं रचणं ही कौशल्यं मात्र एका भाषेत पक्की झाली की दुसरीत कामाला येतात. ती पक्की होतात घरच्या माणसांच्या अस्सल बोलण्यातून. ‘पाऊस का पडतो?’ असं मुलानं विचारल्यावर जी आई मराठीत दहा मिनिटं रंगून सांगू शकते, ती अडखळत्या इंग्रजीत एका वाक्यात आटोपते. मुलाची नऊ मिनिटं तिथेच जातात.

मूल उशिरा बोलू लागलं तर ‘घरात एकच भाषा ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. ऐकू कमी येतं असं निघालं, तर उपचारांच्या जोडीला सांकेतिक भाषाही शिकवता येते. तिच्यामुळे मूल बोलायचं राहतं, हाही एक गैरसमजच. मूकबधिर आईवडिलांची बाळं तर तोंडानं बडबडावं तशी हातांनी बडबडतात.