उलट्या अक्षरांचे कारागीर

माळ्यावर पडलेला एखादा जुना पितळी हंडा खाली काढावा, चिंचेने घासावा आणि उजेडात धरावा. काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव हळूहळू उमटू लागते. कधी आजोबांचे, कधी आहेर करणाऱ्या मामाचे. पुढे गाव, क्वचित साल. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या बाजारात भांडे घेतले की त्यावर नाव घालून घ्यायचे, ही मराठवाड्यातल्या घराघरांतली रीत. छोटी छिन्नी, हातोडी आणि ठकठक आवाज. हजारो नावे घालणाऱ्या त्या कारागिराचे स्वतःचे नाव मात्र कुठल्याच भांड्यावर नसे.

खोदकाराचे नाव नेहमीच असे हरवले, असे नाही. आपल्याकडच्या जुन्या ताम्रपटांच्या शेवटी दान देणाऱ्या राजाबरोबर लेख कोरणाऱ्याचेही नाव अनेकदा आढळते. युरोपात थोर चित्रकारांची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जात, तेव्हा चित्राखाली एका कोपऱ्यात चित्रकाराचे आणि दुसऱ्या कोपऱ्यात खोदकाराचे नाव घालण्याची प्रथा होती. आयरिश वंशाचा बेल्जियन खोदकार एरिन कॉर याने रुबेन्सची चित्रे अशीच कोरली आणि अँटवर्पच्या कला अकादमीत हीच विद्या शिकवली. १८६२ साली तो वारला; पण त्या छापांच्या तळाशी त्याचे नाव आजही वाचता येते.

त्याच सुमारास मुंबईत एक मराठी माणूस पोलादावर अक्षरे कोरत होता. त्याचे नाव राणोजी रावजी आरू. त्यांचे काम असे, की त्यावर सही करायला जागाच नसते.

छापखान्यातला शिशाचा खिळा तयार होतो तो पंचापासून. पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकावर अक्षर कोरायचे. तेही उलटे, आरशात दिसावे तसे, आणि उठावाचे. कानसीचा एक घाव जास्त बसला की अक्षर गेले. मध्येमध्ये ते टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर दाबून पाहायचे. मनासारखे उतरले की पोलाद तापवून त्याला पाणी द्यायचे. मग हा कडक झालेला पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकला की खोलगट साचा होतो. त्याला मातृका म्हणतात. त्या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळे पडू लागतात. इंग्रजीला अक्षरे मोजकी. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे. म्हणजे एकाच वळणात, एकाच जाडीत शेकडो तुकडे, आणि ते शेजारी बसले तर शिरोरेषा अखंड दिसली पाहिजे.

मराठी मुद्रणाला सुरुवातीला हे हात परक्यांकडून घ्यावे लागले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुधारले. त्याच छापखान्यात सुमारे दहा वर्षांचा एक गरीब मुलगा खिळे घासण्याच्या कामावर लागला. शाळा त्याच्या वाट्याला फारशी आली नव्हती. १८३९ साली जन्मलेला तो मुलगा म्हणजे जावजी दादाजी चौधरी. घासता घासता त्याची नजर तयार झाली. पुढे १८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. कारखाना जावजींचा, पण अक्षराचे वळण मित्र राणोजींच्या हातचे.

निर्णयसागरची कीर्ती पुढे देशाबाहेर गेली. १८८६पासून निघालेली ‘काव्यमाला’, पंडितांनी तपासलेले संस्कृत ग्रंथ, पोथ्या, पंचांगे. शुद्ध छपाईचे श्रेय शास्त्र्यांना आणि मालकाला मिळाले, आणि ते योग्यच आहे. जावजी १८९२ साली गेले. त्यांचे चरित्र मुद्रणाच्या इतिहासात लिहिले गेले. पण ज्या वळणामुळे ती पाने डोळ्यांना गोड लागत, ते वळण कोरणाऱ्याचे नाव एकाही पानावर छापले जात नव्हते.

मराठवाड्याने हे ऋण अधिक मानले पाहिजे. निजामी राजवटीत कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी अक्षर टिकले ते देवघरात, पोथीच्या पानावर आणि खुंटीला टांगलेल्या पंचांगात. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी आज्या शाळेची पायरी न चढता पोथी वाचायला शिकल्या. ज्या अक्षरांवरून त्यांचे बोट फिरले, त्यांमागे असेच कुणीतरी पोलादाशी झुंजलेले होते.

आता खिळे नाहीत, जुळारी नाहीत. अक्षर पडद्यावर उमटते. भांड्यावरचे नाव विजेच्या यंत्राने निमिषात निघते, तेही स्टीलवर. जुने पितळ मोडीत जाते. १९७२च्या दुष्काळात पोटासाठी गेले, तेव्हा इलाज नव्हता; आता जाते ते माळा रिकामा करायला म्हणून. मोडवाला वजन करतो, नाव वाचत नाही.

तेव्हा हंडा द्यायचाच असेल तर द्यावा. पण आधी तो उजेडात धरावा, ते नाव मोठ्याने वाचावे आणि घरातल्या लहान मुलाला दाखवावे. आणि त्याला एवढे जरूर सांगावे, की हे नाव आपल्या पणजोबांचे असले, तरी हात दुसऱ्याच कुणाचा होता.