एक विंडो, दोन डिकॉक्शन

“भैया, विंडो डलवानी है. कितना टाइम लगेगा?”

रायपूरच्या तात्यापाऱ्यात, एका बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी तिथे हा प्रश्न येतोच आणि दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, “कॉफी पियेंगे?” ज्याला घाई असते तो लॅपटॉप ठेवून निघून जातो. ज्याच्या लॅपटॉपमध्ये टॅलीचा डेटा किंवा मुलीच्या लग्नाचे फोटो असतात, तो जागचा हलत नाही. बाकावर बसतो आणि पडद्याकडे बघत राहतो. त्या बाकाचा मी कायमचा सभासद. माझा लॅपटॉप ठणठणीत आहे, मी कॉफीसाठी जातो.

नागपूरकर भोसल्यांच्या पाठोपाठ जी मराठी घरं छत्तीसगढात आली, त्यांच्या पुढच्या पिढ्या बाहेर इथली हिंदी बोलतात आणि घरी दुधाच्या कॉफीत जायफळ किसतात. हा दुकानदार त्यांतलाच. पण त्याचं लहानपण गेलं भिलाईच्या सेक्टरमध्ये, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आणि शेजार होता मल्याळी. तिथे त्याचं जायफळ सुटलं आणि फिल्टर लागला. आता दुकानात सोल्डरिंग गनच्या शेजारी इंडक्शनची शेगडी आहे आणि तिच्या बाजूला स्टीलचा दोनमजली फिल्टर.

कुठली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कुठली कॉफी, हा खेळ कॉम्प्युटरवाले फार पूर्वीपासून खेळतात. विंडोज म्हणजे इन्स्टंट, मॅक म्हणजे एस्प्रेसो, लिनक्स म्हणजे बिया आणून स्वतः भाजायच्या आणि स्वतःच दळायच्या. ऐकायला गंमत वाटते. पण बाकावर बसून दोन्ही कामं शेजारीशेजारी होताना बघितली, की या जोड्या जरा घाईत जमवल्यासारख्या वाटतात. त्यांत फक्त चवीचा विचार आहे. या दोन्ही धंद्यांत खरं काम असतं ते वाट बघण्याचं, आणि कोण कशी वाट बघायला लावतो यावरच त्याची जात कळते.

दुकानदाराचा क्रम असा. आधी गिऱ्हाइकाच्या सी ड्राइव्हवरचं सगळं, म्हणजे डेस्कटॉपवर सांडलेल्या फायलींसकट, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. “डेस्कटॉप पे कुछ काम का नहीं है,” असं गिऱ्हाईक म्हणालं तरी घ्यायचंच, कारण कामाचं सगळं तिथेच असतं. मग बूटेबल पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन चालू करता करता एफ-ट्वेल्व्ह दाबत राहायचं, जुनं पार्टिशन उडवायचं आणि ‘नेक्स्ट’ म्हणायचं. इथून पुढे हात रिकामे. त्या रिकाम्या हातांनी तो फिल्टर घेतो. वरच्या भांड्यात पूड, चमच्याच्या पाठीने अगदी हलका दाब, वर दांड्याची चकती, आणि उकळी येऊन क्षणभर थांबलेलं पाणी. झाकण लावलं की तिकडचंही ‘नेक्स्ट’ झालं.

आता दोघे शर्यतीला लागतात. पडद्यावर टक्के सरकतात, फिल्टरमध्ये थेंब पडतात, आणि दोन्हीकडे तोच प्रकार होतो. सुरुवात झपाट्याने, शेवट रडतखडत. फिल्टरचं कारण सरळ आहे. वर पाण्याचा थर उंच असतो तोवर खाली दाब जास्त, म्हणून थेंब भराभर पडतात. थर उतरत गेला की दाब घटतो आणि शेवटचं बोटभर पाणी जिवावर आल्यासारखं झिरपतं. पडद्यावरच्या टक्क्यांना असा कुठलाच नियम नाही. त्यांत किती काम झालं याचा हिशेब असतो, किती वेळ गेला याचा नसतो. हजारो बारक्या फायली लिहायला एका मोठ्या फायलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असली तर विचारूच नका. म्हणून आकडा नव्याण्णववर जाऊन बसतो. गिऱ्हाईक उठून उभं राहतं, पाकीट काढतं, पुन्हा बसतं. फिल्टर निदान ‘नव्याण्णव टक्के झालं’ असं सांगत नाही.

फिल्टर ही युनिक्सच्या घराण्यातली वस्तू आहे, यावर माझं आणि दुकानदाराचं एकमत आहे. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मली आणि १९७३ साली तिच्यात ‘पाइप’ आला. एक छोटा प्रोग्राम आपलं एकच काम नीट करतो आणि जे निघेल ते थेट पुढच्याच्या हवाली करतो. इथेही वरचं भांडं गाळतं, खालचं साठवतं, चकती पूड उसळू देत नाही, आणि कुणी दुसऱ्याच्या कामात लुडबुड करत नाही. बिघडण्यासारखं काही नाही. भोकं बुजली तर मेणबत्तीवर धरा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. मॅन्युअल नाही, वॉरंटी नाही, आणि आजीचा फिल्टर नातवाकडे चालतो.

विंडोजला मात्र इन्स्टंट म्हणणं मला पटत नाही. विंडोज म्हणजे लग्नातली मशीनची कॉफी. रायपूरच्या कुठल्याही रिसेप्शनला जा, मंडपाच्या कोपऱ्यात ते चकचकीत सिलिंडर उभं असतं. वर दाबाचा काटा, बाजूला नळी, समोर रांग. लोक तिला ‘एस्प्रेसो’ म्हणतात. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली ज्याचं पेटंट घेतलं आणि आज जे नऊ बारच्या दाबाने पुडीतून पाणी दामटतं, त्या एस्प्रेसोशी हिचं नातं फक्त नावाचं. सिलिंडरमध्ये कॉफी नसतेच, पाणी असतं. मगमध्ये दूध, साखर आणि इन्स्टंट पूड घालून नळी आत बुडवतात. मग असा फुस्स आवाज होतो की शेजारची वरमाय दचकते. वर चिमूटभर कोको, आणि घ्या.

याला हसायला सोपं आहे. पण तो एकच माणूस एका रात्रीत शेकडो लोकांना पाजतो. कुणाला कडू लागत नाही, कुणाला काही शिकावं लागत नाही, आणि वऱ्हाडातला प्रत्येक जण पुढच्या लग्नात तीच मागतो. दुकानात येणाऱ्या माणसांचंही असंच. हिशेबनीसाला टॅली पाहिजे. चॉइस सेंटरवाल्याला जात-निवासी दाखल्याचे फॉर्म भरायचे असतात आणि त्याचा अंगठ्याचा स्कॅनर विंडोजलाच ओळखतो. फ्लेक्सवाल्याची सगळी कमाई कृतिदेव फॉन्टवर उभी आहे. त्यांना चव नको, पुढच्या लग्नातही तीच कॉफी मिळेल एवढी खात्री हवी.

ही खात्री १४ ऑक्टोबर २०२५ला जरा हलली. त्या दिवशी विंडोज टेनचे फुकटचे नेहमीचे अपडेट बंद झाले. अकरा नंबरच्या विंडोजला टीपीएम टू पॉइंट ओ ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे बाकावर आता अशी माणसं दिसू लागली, ज्यांचा लॅपटॉप चांगला चालतोय, फक्त नव्या मंडपात त्याला प्रवेश नाही. सिलिंडर तेच, गॅस तोच, पण केटररने मगची साइज बदलली. दुकानदार अशांची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो आणि हळूच विचारतो, “लिनक्स देखेंगे? देखने का पैसा नहीं.”

लिनक्सचं हे मला फार आवडतं. पेन ड्राइव्हवरूनच ते चालू होतं, डिस्कला हात लावत नाही. आधी चाखा, मग घ्यायचं की नाही ते ठरवा. चाखून उठणारेच जास्त असतात, हेही खरं. फायरफॉक्स उघडतं, गाणी वाजतात, गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, आणि मग तो विचारतो, “इसमें टॅली?”

लिनक्सची कॉफी कुठली, यावर मात्र आमचा वाद आहे. दुकानदार म्हणतो फिल्टर, कारण घराणं युनिक्सचं. मी म्हणतो कॉफी हाउस. कॉफी बोर्डाने आपली इंडिया कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ साली बंगळुरात पहिली सहकारी संस्था काढली, आणि मग गावोगावी संस्था निघाल्या. रायपुरात जिथे आपण डोसा खातो ती इंडियन कॉफी हाउसं जबलपूरच्या संस्थेची. तुऱ्याची पगडी घातलेला वेटर तुमच्यासमोर कप ठेवतो तेव्हा तो नोकरही असतो आणि मालकही. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने आपला छंदाचा प्रोग्राम लोकांपुढे ठेवला. त्यात ज्यांनी हात घातला त्यांचंही असंच झालं. फरक एवढाच की कॉफी हाउसमध्ये शेवटी बिल येतं.

लिनक्सच्या अशा मालकांतले एक छत्तीसगढचेच होते. रविशंकर श्रीवास्तव, ‘रवी रतलामी’ या नावाने लिहिणारे. त्यांनी लिनक्सवरचं केडीई हे डेस्कटॉप छत्तीसगढीत आणलं आणि त्याला मंथन पुरस्कारही मिळाला. ज्या बोलीत बाजारात भाव होतो त्या बोलीत कॉम्प्युटरने मेन्यू दाखवावा, हे त्या वेळी कुठल्याही मोठ्या कंपनीला सुचलं नव्हतं. आणि तरी त्या दुकानात अजून कुणी छत्तीसगढी डेस्कटॉप मागितलेला मी ऐकला नाही. आईची भाषा मेन्यूत दिसली की लोक हसतात आणि मग इंग्रजीवर क्लिक करतात.

मॅकबद्दल फार लिहीत नाही, कारण तो दुकानात क्वचित येतो. येतो तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचा. मॅक म्हणजे कॅप्सूलचं कॉफी मशीन. एक बटण, देखणं भांडं, दर वेळी तीच उत्तम कॉफी, आणि कॅप्सूल त्याच कंपनीची. उघडायला खास स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि तो उचलताना दुकानदाराचा चेहरा बदलतो. फोनवरचं अँड्रॉइड हे खरं इन्स्टंट. आत कर्नल लिनक्सचाच, जशी बरणीतल्या पुडीच्या आत कधीकाळी बी होती. पिणाऱ्याला त्याची आठवण कुणी करून देत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांचं कॉफीशी नातं उगाच जोडलेलं नाही. केंब्रिजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत १९९१ साली संशोधकांनी ट्रोजन रूममधल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. जिने उतरून गेल्यावर भांडं रिकामं दिसू नये, एवढाच हेतू. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र १९९३ साली वेबवर गेलं आणि साऱ्या जगाने दुसऱ्याच्या कॉफीची वाट बघितली. २००१ साली कॅमेरा बंद झाला आणि भांडं लिलावात तीन हजारांहून जास्त पौंडांना विकलं गेलं. त्याआधी, १९९८च्या एप्रिल फूलला, इंटरनेटच्या नियमावलीत कॉफीच्या भांड्याशी बोलायचा एक गमतीचा प्रोटोकॉल निघाला होता. त्यात चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर ती ४१८ नंबरची चूक कळवते, ‘मी किटली आहे’. तात्यापाऱ्यात हे सांगितलं तेव्हा हिशेबनीस म्हणाला, “हमारा प्रिंटर भी यही बोलता है.”

हल्ली बाकावर नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीतला एक मुलगा येतो. लॅपटॉप दुरुस्तीला आणत नाही, दुकानदाराशी वाद घालायला येतो. त्याच्या मशीनवर आर्च लिनक्स आहे, सगळं हाताने जुळवलेलं. बॅगेत सिरॅमिकचा शंकू, कागदी फिल्टर, वजनकाटा आणि हातदळणी. पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे ग्रॅम पाणी, घड्याळ लावून गोल गोल धार. आम्ही बघत बसतो. कप हातात येतो तेव्हा खरोखर सुरेख असतो, आणि एकच असतो. दुसऱ्याला पाहिजे असेल तर सगळं पहिल्यापासून.

परवा त्याने जगदलपूरहून आलेली बस्तरची कॉफी आणली. दरभ्याच्या डोंगरात रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या जगदलपूरच्या कॉलेजने २०१७ साली कॉफीची लागवड सुरू केली, ही तिकडची अरेबिका. मुलाने ती आपल्या शंकूच्या हिशेबाने जाडसर दळली आणि दुकानदाराने हौसेने फिल्टरमध्ये भरली. पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि पडद्यावर बारा टक्के होतात न होतात तोच सगळं खाली. पहिल्यांदाच फिल्टरने विंडोजला हरवलं होतं. डिकॉक्शनचा रंग मात्र कोऱ्या चहासारखा.

हिशेबनीसाने एक घोट घेतला आणि कप ठेवला. मी दुकानदाराकडे बघितलं.

“बीटा व्हर्जन आहे, काका,” तो म्हणाला. “पुढच्या अपडेटला बारीक दळतो.”