फिरत्या शिक्षकांची पिशवी

मुरबाड तालुक्यात रेल्वे अजून पोचलेली नाही. शहापुरात आहे, पण आसनगावला उतरून डोळखांब-किन्हवलीकडच्या वाड्या गाठायच्या तर एसटी, नाहीतर स्वतःची दुचाकी. अंध आणि अल्पदृष्टी मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक अशाच रस्त्यांवर असतात. म्हणून ते ‘फिरते शिक्षक’.

पूर्वी अशा मुलाला शिकायचं तर घर सोडावं लागे. ॲना मिलार्डबाईंनी १९०० साली काढलेली दादरची अंधशाळा नावाजलेली, पण ठाकूरवाडीतल्या आईला दादर म्हणजे परदेशच. १९७४ साली केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली आणि गावच्याच शाळेत बसायची सोय झाली, निदान कागदावर.

शिक्षकाच्या पिशवीत ब्रेल पाटी, टोचणी, जाड कागद. त्याआधी मात्र अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा आणि मूठभर चिंचोके. डावीकडे वरच्या खळग्यात एक चिंचोका म्हणजे ‘अ’. त्याच रांगेत तळाला आणखी एक टाकला की ‘क’. बोटांना हे बसलं की पाटी. तिथे खरी गंमत: कागद मागून टोचायचा, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. १९५१ पासूनच्या भारती ब्रेलमध्ये ‘कि’ची वेलांटीही क नंतर येते, उच्चारात येते तशी. आपण डोळसांनीच ती आधी काढायची खोड लावून घेतली आहे.

सगळ्यांना ब्रेल लागत नाही. अल्पदृष्टी मुलाला खिडकीजवळची जागा, ठळक रेघांची वही आणि मोठं अक्षर पुष्कळदा पुरतं. अवघड असतं ते वर्गशिक्षकांची सवय मोडणं. फळ्याकडे तोंड करून ‘यातून हे वजा केलं’ म्हटलं, तर अंध मुलाच्या हाती काय लागणार? ‘बावनातून सतरा’ म्हणा, एवढंच सांगणं असतं. आठवड्याचे बाकीचे दिवस वर्गशिक्षकच मुलाजवळ असतात.

हे फिरते शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. २०२४ मध्ये राज्याने शाळा-केंद्रांच्या स्तरावर त्यांची ४,८६० पदं मंजूर केली. उशीर झाला, पण झालं.

दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर. पुढच्या फेरीला खिडकीजवळची जागा रिकामी दिसते. मग शिक्षक वाडीत विचारत सुटतात: कुठल्या भट्टीवर गेले, आणि पाटी नेली का?