सॅमनची पिले आणि आठ धरणे

आपल्याकडील काही उपाहारगृहांच्या पत्रिकांवर रावसाचा उल्लेख ‘इंडियन सॅमन’ असा केलेला आढळतो. वस्तुतः रावस आणि सॅमन यांची कुळे अगदी भिन्न आहेत. खरा पॅसिफिक सॅमन गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्मस्थानी परततो. या त्याच्या जीवनक्रमामुळेच अमेरिकेतील कोलंबिया नदीवर एक बिकट प्रश्न उभा राहिला असून त्याची उकल करण्यासाठी अभियंते व जीवशास्त्रज्ञ गेली अनेक दशके झटत आहेत.

कॅनडात उगम पावणारी कोलंबिया नदी सुमारे २,००० किलोमीटर वाहून पॅसिफिक महासागरास मिळते. स्नेक ही तिची सर्वांत मोठी उपनदी होय. १९३८ मध्ये कोलंबियावरील बॉनव्हिल येथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि १९७५ मध्ये स्नेकवरील लोअर ग्रॅनिट धरण पुरे झाले. यामुळे आयडाहो राज्यातील डोंगराळ ओढे आणि समुद्र यांच्या वाटेवर एकूण आठ धरणे उभी राहिली. या धरणांनी त्या प्रदेशाला स्वस्त वीज दिली, तसेच गव्हाची वाहतूक करणाऱ्या तराफ्यांसाठी समुद्रापासून आयडाहोपर्यंत जलमार्गही दिला, हे मान्य केलेच पाहिजे.

समुद्रातून परतणाऱ्या प्रौढ माशांना धरण चढून जाता यावे म्हणून या आठही धरणांवर पाण्याचे जिने बांधण्यात आले आहेत. बॉनव्हिल येथे काचेच्या खिडकीतून वर चढणारा मासा प्रेक्षकांना पाहता येतो आणि त्याची गणतीही होते. समुद्राकडे निघालेल्या पिलांचा विचार मात्र पुष्कळ वर्षे मागे पडला. पाणी खाली जाते, त्याबरोबर पिलेही जातील, असा सर्वसाधारण समज होता.

पिलांची वाट

वसंत ऋतूत डोंगरावरील बर्फ वितळून नदीला पूर येतो, तेव्हा बोटभर लांबीची ही पिले प्रवाहाबरोबर निघतात. याच सुमारास त्यांचा रंग रुपेरी होतो आणि खाऱ्या पाण्यात जगण्यासाठी त्यांच्या शरीरात आवश्यक ते बदल घडू लागतात. हा काळ मर्यादित असतो. पूर्वी वेगवान नदी त्यांना वेळेवर समुद्रात पोहोचवीत असे. आता एकामागून एक पसरलेल्या संथ जलाशयांतून त्यांना वाट काढावी लागते. तेथे पाणी अधिक तापते आणि पिले गिळणारे मासेही टपलेले असतात. त्यांपैकी पाइकमिनो या जातीचे मासे पकडून देणाऱ्यास १९९० च्या दशकापासून रोख बक्षीस दिले जाते.

धरणाच्या भिंतीशी आलेल्या पिलांपुढील सर्वांत धोक्याची वाट टर्बाइनमधून जाते. फिरत्या पात्याचा प्रहार तर घातक आहेच. परंतु पाण्याचा दाब क्षणार्धात उतरल्यामुळे माशाच्या शरीरातील हवेची पिशवी फुगून फाटते, हे त्याहून कमी लक्षात येते. जी पिले जिवंत बाहेर पडतात ती गोंधळलेली असतात आणि धरणाखाली घिरट्या घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या तोंडी जातात.

एका धरणावर होणारी हानी किरकोळ वाटेल. पण हिशेब आठ धरणांचा आहे. प्रत्येक धरणावर शंभरातील ८५ पिले वाचली असे धरले, तर आठव्या धरणाखाली केवळ २७ उरतात. हेच प्रमाण ९६ वर नेले तर ७२ उरतात. वसंत ऋतूत उतरणाऱ्या पिलांसाठी २००८ मध्ये ठरविण्यात आलेले उद्दिष्ट प्रत्येक धरणावर ९६ टक्के असेच होते. जलाशयांतील हानी यात धरलेली नाही.

उपाय आणि त्यांचे उपद्रव

टर्बाइनच्या मुखाशी जाळीचे पडदे बसवून पिलांना बाजूच्या चराकडे वळविणे हा पहिला उपाय. चरातून निघालेली पिले तराफ्यांवरील टाक्यांत भरून बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडणे हा दुसरा. दीड-दोन दिवसांत प्रवास पुरा होतो! मात्र अशा पिलांपैकी काही मोठेपणी परतताना वाट चुकतात, असे दिसून आले.

तिसरा मार्ग सांडव्याचा. सांडव्यावरून गेलेली पिले टर्बाइनपेक्षा अधिक सुखरूप उतरतात. परंतु उंचावरून कोसळणारे पाणी हवा सोबत घेऊन खोल डोहात शिरते आणि त्यात वायू प्रमाणाबाहेर विरघळतो. मग माशांच्या रक्तात बुडबुडे होऊन ते दगावतात. यास्तव सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटचे ओठ बांधून पाण्याची धार आडवी वळविण्यात आली. सांडव्याची दारे खोलवर उघडतात, पिले मात्र वरच्या थरातून पोहतात, ही अडचण निराळीच. २००१ मध्ये लोअर ग्रॅनिट येथे सांडव्याचा माथा उंचावणारा काढघालीचा बंधारा बसविण्यात आला आणि पिलांना पृष्ठभागाजवळूनच वाट मिळाली. अलीकडे स्नेकवरील आइस हार्बर येथे दाबातील फरक सौम्य राहील अशा रचनेचे नवे टर्बाइनही बसविले आहे. कोणता उपाय कितपत लागू पडला हे कळते ते तांदळाच्या दाण्याएवढ्या सांकेतिक खुणेमुळे. ती पिलाच्या अंगात घातली की वाटेतील यंत्रे त्याची नोंद घेतात.

सांडव्यावरून गेलेल्या पाण्याची वीज होत नाही, हे उघड आहे. म्हणूनच हा प्रश्न पुनःपुन्हा न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये न्यायालयाने उन्हाळ्यातही पाणी सोडण्याचा आदेश दिला. या माशांवर हक्क सांगणारे मूळचे रहिवासीही आहेत. १८५५ च्या करारांनी त्यांच्या जमातींना आपल्या परंपरागत जागी मासेमारी करण्याचा अधिकार दिला होता. त्यांपैकी सेलिलो धबधब्याची जागा १९५७ मध्ये द डॅलेस धरणाच्या पाण्याखाली गेली.

स्नेकमधील सॉकाय सॅमन १९९१ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. स्नेकच्या खालच्या भागातील चार धरणे फोडावीत, ही मागणी जुनीच आहे. २०२३ मध्ये केंद्र शासन, जमाती व दोन राज्ये यांच्यात समझोता होऊन या दिशेने विचार सुरू झाला होता. २०२५ मध्ये केंद्र शासनाने त्यातून अंग काढून घेतले. ही चारही धरणे उभी आहेत आणि दर वसंतात पिले त्यांच्या भिंतीशी येऊन थडकतात.